दडलेल्या पोथ्या आणि मोकळें मन

शोधकाचा मोठेपणा त्यास काय सांपडलें एवढ्यावरूनच ठरत नाहीं. सांपडलेलें त्यानें दुसऱ्याच्या हातीं कसें दिलें, ह्यावरून तो ठरतो, असें आमचें मत आहे.

फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनीं रचिलेलें मराठी 'क्रिस्तपुराण' गोमंतकांत १६१६, १६४९ व १६५४ सालीं रोमन लिपींत छापिलें गेलें. त्या छापांची एकहि प्रत आज ठाऊक नाहीं. हस्तलिखित नकलांनीं तें तगलें, व त्यांवरून १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापिलें गेलें. त्याची एक देवनागरी पोथी मात्र दूर लंडनमध्यें, विल्यम मार्सडेन ह्यांच्या संग्रहांत पडून होती. मार्सडेन ह्यांनीं १८३५ सालीं आपला सारा ग्रंथसंग्रह किंग्ज कॉलेजास देऊन टाकिला. पुढें तो लंडनच्या प्राच्यविद्येच्या विद्यालयाकडे आला. तेथें अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट ह्यांनीं ती पोथी ओळखिली, आणि १९२३ सालीं विद्यालयाच्या नियतकालिकांत तिचें वृत्त प्रसिद्ध केलें. एकानें दिलें, दुसऱ्यानें जतन केलें, तिसऱ्यानें सांगितलें. म्हणून पुढील अभ्यासकांस ती पोथी लाभली.

आपल्या जिल्ह्याचें उदाहरणहि असेंच आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत असल्यामुळें बाहेरच्यांस वाचतां येत नसत. राजवाडे, भावे व यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे ह्यांच्या परिश्रमानें तें भांडार मराठी वाचकांस खुलें झालें. यवतमाळच्या शारदाश्रमाचें नांव ह्याच कार्याशीं निगडित आहे.

कोणी म्हणेल, ज्यानें घाम गाळिला त्यानेंच फळ कां चाखूं नये? शोधाचें श्रेय शोधकाचें, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु कागद मुठींत दाबून ठेवणारा, धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या शुभवर्तमानांतील दासासारखाच होय. शिवाय कागदास वाळवी लागते व माणसास मरण येतें; मग पोथी कोठें आहे हें सांगणार कोण? तसेंच, ज्याच्या घरून कागद आणिला त्याचें नांव न सांगणें व कागद परत न करणें ही उदारता नव्हे, ती लूट होय.

झरी जामणीच्या आसमंतांत मराठीबरोबर कोलामी, गोंडी व तेलुगू ह्या भाषाहि घरोघरीं बोलल्या जातात. आमची पालकांस विनंति आहे कीं, जुनी वही, पत्र किंवा पोथी रद्दींत देण्यापूर्वीं ती एकदां कोणा जाणत्यास दाखवावी. विद्यार्थ्यांनीं आजीच्या तोंडचें गीत तिच्याच भाषेंत लिहून घ्यावें, त्याखालीं तिचें नांव, गांव व तारीख घालावी, आणि जो मागेल त्यास तें वाचूं द्यावें. लंडनच्या पोथीस ओळखणारा भेटला. आजीच्या गीतास मात्र लिहून घेणारा आजच भेटला पाहिजे.