मेंदूची जखम आणि आजीबाईचा बटवा

गेल्या पावसाळ्यांतील एक गोष्ट सांगतों. तींत चूक आमचीच आहे, म्हणूनच ती वाचकांपुढें ठेवणें आम्ही कर्तव्य समजतों.

मढ येथें आमच्या शेजारीं एक कोळी कुटुंब राहतें. त्यांचा थोरला मुलगा धक्क्याकडे जातांना मोटारसायकलवरून घसरला व डोक्यावर आपटला. हेल्मेट नव्हतें. तरी उठून हंसत घरीं आला. आईनें आम्हांस विचारलें, "मास्तर, काय देऊं याला?" आम्हीं जाणतेपणाच्या ऐटींत सांगितलें, "हळद घालून कढत दूध द्या आणि टाळूस ब्राह्मीचें तेल चोळा." दीड तासानें मुलास वांत्या होऊं लागल्या, बोलणें अडखळलें, गुंगी आली. मार्व्याच्या रस्त्यानें मालाडकडे रुग्णालयांत नेलें. कवटीखालीं सांचलेलें रक्त शस्त्रक्रियेनें काढावें लागलें. मुलगा वांचला, पण तो दीड तास आमच्या मनांत सलत राहिला, आणि आम्ही याविषयीं वाचावयास बसलों.

मेंदूस जखम दोन वेळां होते. पहिली आघाताच्या क्षणीं. दुसरी त्यानंतर कांहीं तास, कांहीं दिवस चालूं राहते. मेंदूचें वजन देहाच्या सुमारें २ टक्के, पण प्राणवायूचा खर्च सुमारें २० टक्के. शिवाय त्यांत स्निग्ध द्रव्य विपुल. मार बसल्यावर तेथें प्राणवायूचे उच्छृंखल कण वाढतात व पेशींचें स्निग्ध आवरण नासवितात. तेल खंवट होतें, तशांतलाच हा प्रकार. ही नासाडी थोपविणाऱ्या द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. हळदींतील कर्क्युमिन त्यांपैकींच एक.

तेव्हां आमची आशा अगदींच निराधार नव्हती. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांस चार आठवडे कर्क्युमिनयुक्त अन्न देऊन मग डोक्यास सौम्य आघात केला. त्यांच्या मेंदूची हानि कमी झाली. पण येथें क्रम नीट पाहावा : द्रव्य आधीं, आघात नंतर! शिवाय पोटांत घेतलेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें. मनुष्यांवर पेगोर्गोटीन व टिरिलाझाड हीं अँटिऑक्सिडंट औषधें थेट शिरेंतून देऊन पाहिलीं. १९९६ व १९९८ सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रयोगांत ११०० हून अधिक रुग्ण होते. निश्चित लाभ दिसला नाहीं. तेथें पेलाभर दुधाची काय कथा?

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९७ सालीं हळदीचें अमेरिकन पेटंट रद्द करविलें, याचा आम्हांस आजही अभिमान आहे. परंतु त्यांत ठरलें तें इतकेंच, कीं जखमेवर हळद वापरण्याचें ज्ञान नवें नाहीं. कवटींतील रक्तस्राव हळदीनें थांबतो, असें तेथें कोणीं म्हटलें नव्हतें.

आणि आमचे चरकाचार्य? त्यांनीं मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी हीं मेध्य रसायनें सांगितलीं. आपल्याकडे मंडूकपर्णीसही पुष्कळ लोक ब्राह्मीच म्हणतात. पण रसायन हें देहशुद्धीनंतर धीरानें सेवावयाचें. आणीबाणीचें तें औषध नव्हे. त्याच ग्रंथांत शिराची गणना तीन प्रधान मर्मांत केली आहे. आम्हीं शास्त्र अर्धेंच वाचलें होतें!

म्हणून वाचकांस विनंति. डोक्यास मार लागल्यावर वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी, भ्रम, झटके, एका अंगाची दुर्बलता, नाकाकानांतून रक्त वा पाणी, यांपैकीं एकही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें तडक रुग्णालय गांठावें. रक्त पातळ करणारें औषध घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतींत लक्षणांची वाटही पाहूं नये. तपासणीपूर्वीं पोटांत कांहीं देऊं नये; गुंगींत तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें, आणि शस्त्रक्रियेसही अडचण होते. हळद आमटींत राहूं द्या, ब्राह्मीचें तेल केसांस राहूं द्या. त्यांचा मान त्यानें कमी होत नाहीं.

परवां त्या मुलानें हेल्मेट आणलें. त्याची आई म्हणाली, "मास्तर, आतां तुम्हांला नाय विचारायची, आधीं रिक्षा बोलावीन." आम्हांस मुळींच वाईट वाटलें नाहीं.