झुंबराखालचा पंक्तिप्रपंच

गेल्या महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाच्या निमित्ताने जाण्याचा योग आला. व्याख्यान आटोपल्यावर जेवणाचा प्रश्न निघाला. माझा आग्रह नेहमीचाच, कोणाच्या तरी घरी पिठले-भाकरी. परंतु यजमान मंडळी या वेळी ऐकेनात. ‘आता आपल्या गावातही पुण्यामुंबईच्या तोडीचे हॉटेल झाले आहे, ते तुम्ही पाहिलेच पाहिजे,’ असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. तो अभिमान मोडणे माझ्या जिवावर आले. दोन शिक्षक, एक वकील, बाजार समितीत चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहिलेले एक वृद्ध हमाल आणि मी, असे पाच जण आम्ही तेथे गेलो. फसलेले जेवण ही काही साप्ताहिकात लिहिण्याजोगी आपत्ती नव्हे. तथापि त्या टेबलाभोवती जे पाहिले ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आरंभ दारापासूनच झाला. गणवेशातील पहारेकऱ्याने आम्हा चौघांसाठी काचेचे दार अदबीने उघडून धरले. मागून येणाऱ्या धोतर-टोपीतील हमालमित्रासमोर मात्र ते मिटू लागले. ‘आमच्याबरोबर आहेत ते,’ असे वकिलांनी वळून सांगितल्यावर दार पुन्हा उघडले. आत गेल्यावर डोळे दिपावेत असा थाट. छताला झुंबर, भिंतींना आरसे, गुबगुबीत खुर्च्या आणि अंगात हुडहुडी भरावी असा गारवा. हाती आलेले मेन्यूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजीत. आमच्या हमालमित्राने ते उलटसुलट पाहिले आणि शांतपणे मिटून ठेवले. ज्या माणसाने या गावात आलेल्या धान्याचा निम्मा भार आपल्या पाठीवरून उतरवला, त्याला त्याच गावात काय खायला मिळते हे वाचता येऊ नये, अशी ही व्यवस्था.

मी ज्वारीची भाकरी मिळेल काय म्हणून विचारले. ‘ते आपल्याकडे नसतं सर,’ असे उत्तर आले. आपल्याकडे! ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या जिल्ह्याची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुडक्यांत बांधून परगावी जाते, त्या जिल्ह्यातील सर्वांत महागड्या म्हणवणाऱ्या हॉटेलात भाकरी ‘आपल्याकडे नसते’. मग काय असते? पाऊण तासाने जे आले ते असे : सूप भाज्यांच्या मागून आले. पनीर, काजू आणि ‘कोल्हापुरी’ अशी तीन नावे घेतलेल्या तीन भाज्यांचा रस्सा एकच होता. एकीत साय अधिक, दुसरीत साखर अधिक, तिसरीत तिखट अधिक, एवढाच काय तो भेद. कडेने वाफाळणारी भाजी मध्ये बर्फासारखी गार होती, याचा अर्थ ती सकाळीच, कदाचित आदल्या दिवशीच, शिजून शीतकपाटात विसावली होती. डाळ करपलेली. रोटी अशी की हमालमित्र म्हणाले, ‘हिच्यापरीस आमचं बारदान मऊ.’ शेवटी हात धुण्यासाठी कोमट पाण्याच्या वाट्या आणि त्यांत अर्धे लिंबू आले. त्या संपूर्ण जेवणात ताजी म्हणावी अशी वस्तू ते अर्धे लिंबूच होते.

येथपर्यंत हा एक सामान्य ग्राहकाचा त्रागा झाला. खरी गोष्ट पुढे आहे. आमच्यापैकी एका शिक्षकांचा संयम सुटला आणि त्यांनी वाढणाऱ्या मुलाला चारचौघांत फैलावर घेतले. व्यवस्थापक धावत आला. आम्हांला त्याने वाकून ‘सॉरी’ म्हटले आणि त्याच श्वासात त्या मुलाला असे काही सुनावले की आमच्या माना खाली गेल्या. भाजी बदलून देण्यासाठी ताट उचलले जाऊ लागले, तेव्हा तो मुलगा माझ्या कानाशी येऊन हलकेच म्हणाला, ‘साहेब, ताट माघारी गेलं की पैसे आमच्या पगारातनं कापत्यात. ऱ्हाऊ द्या की.’

वय असेल एकोणीस-वीस. बीड जिल्ह्यातला. आईबाप उसाच्या तोडीला. मुकादमाकडून उचल घेऊन आईबाप जसे फडात बांधले जातात, तशीच मालकाकडून उचल घेऊन हा पोरगा त्या झुंबराखाली बांधला गेला होता. आठ टेबले एकट्याकडे. सकाळी अकराला उभा राहिलेला तो रात्री बारापर्यंत बसत नाही. भाजी त्याने शिजवली नव्हती, ती गार राहावी अशी योजना त्याने केली नव्हती, आचाऱ्याला शिळा रस्सा तापवायला त्याने सांगितले नव्हते. परंतु वड्याचे तेल वांग्यावर काढावे तसा सगळा राग त्याच्यावर निघाला आणि वर दंडही त्यालाच. आपण सुशिक्षित लोक ज्याला ‘तक्रार करण्याचा हक्क’ म्हणतो, तो बजावला की त्याचे ओझे उतरंडीतल्या सर्वांत खालच्या मडक्यावर येऊन पडते, हे त्या दिवशी मला कळले. इतकी वर्षे हे कसे कळले नाही, याची लाज वाटली.

यानंतर बिल आले. त्यात न मागता फोडलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे पैसे होते आणि खाली ‘सेवा आकार’ दहा टक्के. कोणती सेवा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वे काढली की, सेवा आकार बिलात आपोआप लावता येणार नाही. तो देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर राहील. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे उचलून धरली आणि सक्तीची वसुली अनुचित ठरविली. तालुक्याच्या गावापर्यंत झुंबर पोहोचले, निकाल पोहोचला नाही. आमच्या वकिलांनी हटकल्यावर ती रक्कम निमूटपणे कमी झाली. म्हणजे निकाल ठाऊकच नव्हता असेही नाही. त्या रकमेतील काही तुला मिळते काय, असे मी मुलाला विचारले. त्याने फक्त मान हलवली. सेवेचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे आणि सेवेचा दंड सेवकाकडून घ्यायचा, असा हा दुहेरी हिशेब आहे.

यावर काही जण म्हणतील, लहान गावाकडून एवढी अपेक्षा करू नये. तेथे ना तयार माणसे, ना तसली सवय. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. तो त्या गावाचा अपमान आहे. त्याच गावात, बाजार समितीच्या मागल्या अंगाला, दोन बहिणी खानावळ चालवतात. दुपारी बारा ते तीन त्यांच्या तव्यावरची भाकरी खाली उतरत नाही आणि ताटात पडलेली आमटी चटका लावल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना खानावळवाल्या बायकांनी वर्षानुवर्षे वेळेवर आणि गरम जेवण घातले. त्याच बायकांमधून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. पुण्याच्या हमाल पंचायतीने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केले आणि कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात चांगले अन्न देता येते हे दाखवून दिले. तेव्हा कसब नाही असे नव्हे. प्रश्न पैसा कोठे घातला हा आहे. या हॉटेलाचा पैसा छताला गेला, आरशांना गेला, काचेच्या दाराला गेला. भटारखान्याला आणि माणसांच्या हातांना उरला नाही. दर्शनी भागातून उत्पन्न आणि मागल्या दारातून काटकसर, हे त्याचे अर्थशास्त्र. बडा घर पोकळ वासा ही म्हण आपल्या वाडवडिलांनी काही वातानुकूलित हॉटेल पाहून केली नव्हती, पण ती लागू पडते.

याहून गंभीर मुद्दा पंगतीचा आहे. आपल्या समाजात कोण कोणाबरोबर जेवतो यावर शतकानुशतके माणसाची किंमत ठरत आली. पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडे, यालाच आपल्या भाषेने पंक्तिप्रपंच असे नाव दिले आणि तो करणाऱ्याला दोषही दिला. ही पंगत मोडण्याचे मोठे काम ज्या ठिकाणांनी केले त्यांत हॉटेलाचा क्रमांक वरचा आहे. पैसे टाकणाऱ्याची जात न विचारता चहा देणारे बाकडे ही साधी गोष्ट नव्हती, आणि खेड्यापाड्यांतून तेही सहजासहजी मिळाले नाही. दलितांसाठी वेगळ्या कपबशा ठेवणारी हॉटेले पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख झाला आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तेथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. घटनाकारांना हॉटेलाचे दार हे लोकशाहीचे दार वाटले. आज त्या दारावर जातीची पाटी नाही. परंतु पहारेकऱ्याची नजर आहे, परक्या भाषेतील कार्ड आहे आणि धोतराला पाहून मिटणारी काच आहे. पाटी गेली, दार राहिले.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा खाजगी मालकाचा धंदा आहे. पटत नसेल तर जाऊ नये. ठीक आहे, पण धंदा खाजगी असला तरी मजुराचे वेतन खाजगी नाही. मालकाला मन मानेल तशी पगारात कपात करता येत नाही, हे तत्त्व या देशात १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासून मान्य आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही कपातीची कारणे व मर्यादा ठरवून दिल्या आहेत. ग्राहकाने परत केलेल्या गार भाजीची किंमत वाढप्याने भरावी, असे कारण त्यांत कोठेही नाही. दुसरा आक्षेप आपल्याच मित्रांचा असेल : अशा ठिकाणी तुम्ही गेलातच कशाला? मला हा सोवळेपणा पसंत नाही. स्वच्छ जागी, नीट बसून, चांगले अन्न खाणे ही श्रीमंतांची मिरास आहे असे आपण का मानावे? आमच्या हमालमित्रालाही मऊ खुर्ची हवी आणि तिच्यासमोर गरम भाकरीही हवी. आमचे भांडण झुंबराशी नाही. झुंबर दाखवून अन्न चोरण्याशी आहे.

आणि या चोरीला आपली, म्हणजे नव्याने हातात पैसा खेळू लागलेल्या शिक्षित वर्गाची साथ आहे. गावातील नोकरदार, वकील, डॉक्टर, बागायतदार तेथे सहकुटुंब जातात, गार भाजी खातात, छायाचित्रे काढतात आणि ‘जागा छान आहे’ असे म्हणत घरी येतात. भाकरी मागण्याची त्यांना लाज वाटते. मराठी कार्ड मागितले तर गावंढळ ठरू अशी भीती वाटते. मालकापुढे त्यांची जीभ लुळी पडते आणि वाढप्यापुढे तिला धार चढते. असे गिऱ्हाईक मिळाल्यावर मालकाने चांगले अन्न शिजविण्याचा खटाटोप का करावा?

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे आहे. अशा ठिकाणी गेलात तर मराठी कार्ड मागा आणि ज्या मातीत बसला आहात तिची भाकरी मागा; नसेल तर का नाही ते मालकाला विचारा. सक्तीचा सेवा आकार नाकारा आणि द्यायचे ते वाढणाऱ्याच्या हातात द्या. तक्रार जरूर करा, पण ती गल्ल्यावर, लेखी आणि मालकाच्या नावे करा. वाढप्याच्या पगाराला हात लागता कामा नये, हे त्या तक्रारीतच लिहा. गावातील कार्यकर्त्यांनी या मुलांची उचल, त्यांचे तास आणि त्यांची कपात यांची चौकशी करून कामगार अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. मी स्वतः त्या दिवशी व्यवस्थापकाला बजावून आलो. तो ‘हो सर, हो सर’ म्हणून हसला. त्या हसण्यावर माझा विश्वास नाही, म्हणून हे लिहीत आहे.

निघताना आमचे हमालमित्र मागे रेंगाळले. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, ‘पोरा, जेवलास का रं?’ दुपारचे साडेतीन वाजले होते. तो जेवला नव्हता. गिऱ्हाईक संपल्यावर मागच्या बाजूला डाळभात मिळतो, तो कधी चारला, कधी पाचला. आमच्या जुन्या पंगतीतही वाढपी शेवटीच बसत असत. पण ते त्याच अन्नाला बसत, आणि त्यांना वाढायला घरचा यजमान उभा राहत असे.