आधी गेज लावा, मग पंप बदला

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं शेतीशी उरलेलं नातं म्हणजे एक फोन आणि एक यूपीआय. फोन गावाहून येतो: "ट्रॅक्टरची हायड्रोलिक उचलत नाही. मिस्तरी म्हणतो पंप गेला." आपण हिंजवडीत कुठल्यातरी मीटिंगच्या दारात उभे असतो. आपण म्हणतो, "जे लागेल ते बदलून टाका, पैसे पाठवतो." संपला विषय!

आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

माझं आजोळ शहादा तालुक्यातलं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, पण पुण्यातल्या मित्रांना तो अजूनही 'धुळ्याच्या पुढे कुठेतरी' असाच माहीत असतो. असो. वर सातपुडा, मधून तापी, काळी जमीन. ऊस, केळी, पपई, कापूस. मामांचा ट्रॅक्टर वीसेक वर्षांचा आहे. घरची शेती करून तो दुसऱ्यांकडे तासावर जातो, म्हणजे तो उभा राहिला की दोन्हीकडून नुकसान. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन नांगरटीत, त्याने वेगळाच खेळ मांडला. सकाळी नांगर व्यवस्थित उचलायचा, दुपारी बारानंतर नुसता घुरघुरायचा. वर पॉवर स्टीअरिंगही जड. निदान झालं: पंप. नवा पंप बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

आपल्याकडे सर्व्हर स्लो झाला की लॉग न बघता रॅम वाढवणारे लोक असतात ना, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टरला कुठे लॉग असतो? असतो. फक्त तो सीटवर बसून वाचावा लागतो.

यंत्र तसं सरळ आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिनवर फिरणारा पंप गिअरबॉक्सच्या घरातलं तेल सक्शन फिल्टरमधून ओढतो आणि व्हॉल्व्हकडे ढकलतो. लिव्हर वर केला की ते तेल सिलिंडरमधे जातं, पिस्टन सरकतो, मागचे दोन हात औजार उचलतात. आता प्रश्न तीनच.

पहिला: गरम झाल्यावर बिघडतं की थंड असताना? तेल तापलं की पातळ होतं. पातळ तेल झिजलेल्या फटीतून आणि फाटलेल्या सीलमधून जास्त निसटतं. म्हणून सकाळी चालणारी आणि दुपारी रुसणारी लिफ्ट म्हणजे आतली गळती. उलट थंडीत सकाळी कुरकुर करून नंतर सुधारत असेल, तर तेल घट्ट आहे किंवा सक्शन फिल्टर तुंबलाय. मे महिन्यातली शहाद्याची दुपार म्हणजे फुकटातलं लोड टेस्टिंगच!

दुसरा: रेस वाढवल्यावर काय होतं? पंप झिजलेला असेल तर रेस दिल्यावर थोडी जान येते. फिल्टर तुंबला असेल किंवा सक्शनच्या पाइपातून हवा येत असेल, तर रेस दिल्यावर किंचाळतो आणि आणखी बिघडतो. तेलावर फेस येत असेल तर हवा. तेल दुधासारखं दिसतंय आणि रात्रभर ठेवूनही तसंच आहे, तर पाणी.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: औजार वर उचलून इंजिन बंद करा (खाली कोणी नको). औजार वरच राहतं की खाली बसायला लागतं? इंजिन बंद म्हणजे पंपाचा संबंधच संपला. तरीही औजार भरभर खाली येत असेल, तर गळती पंपाच्या पुढे आहे: सिलिंडरच्या सीलमधे किंवा व्हॉल्व्हमधे. चालू इंजिनवर औजार सारखं मान हलवत असेल, म्हणजे थोडं खाली, परत वर, तर तेही याच गळतीचं लक्षण.

मामांच्या ट्रॅक्टरचा नांगर भर दुपारी इंजिन बंद केल्यावर बघता बघता जमिनीवर आला. पंप बदलूनही! नंदुरबारहून आलेल्या दुसऱ्या मिस्तरींनी हे एवढंच करून बघितलं आणि सिलिंडर उघडला. आतली सील रिंग गेली होती. तिची किंमत पंपापुढे किरकोळ.

आणि जड स्टीअरिंग? दोन सर्व्हिसेस एकदम पडल्या की आपण आधी दोघींचा सामायिक डेटाबेस बघतो. इथेही तेच. काही ट्रॅक्टरांत लिफ्ट आणि स्टीअरिंग एकाच तेलावर चालतात, काहींत स्टीअरिंगची टाकी आणि पंप वेगळे. मामांच्याकडे वेगळे, त्यामुळे दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असण्याचं कारणच नव्हतं. मिस्तरींनी आधी पुढच्या चाकांची हवा बघितली, मग पुढचा एक्सल जॅकवर घेतला. चाकं हवेत असूनही स्टीअरिंग जड, म्हणून मग जोडण्या सोडवून चाकं हातानं वळवून बघितली. तीच अडकत होती. दोष तेलात नव्हताच, किंगपिनला कित्येक महिन्यांत ग्रीस मिळालं नव्हतं. (एकाच बाजूला जड असतं तर स्टीअरिंगचा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर संशयित. चाकं टोकाला गेल्यावरही स्टीअरिंग हळूहळू फिरतच राहिलं तर आतून तेल पलीकडे निसटतंय.)

कधी कधी तर बिघाड नसतोच. हॅरी फर्ग्युसनने रुळवलेली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे जगभर गेलेली ड्राफ्ट कंट्रोलची युक्ती अशी की नांगरावर ओढ वाढली की लिफ्ट त्याला आपोआप जरा वर घेते. उन्हात तडकलेल्या काळ्या जमिनीत नांगर सारखा उड्या मारतो, त्याचं कारण बऱ्याचदा ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी असणं एवढंच असतं. इट्स नॉट अ बग, इट्स अ फीचर!

आणखी एक गंमत. ट्रॅक्टरच्या तेलावर उचलणारी डंपिंग ट्रॉली गावभर फिरते, आज या ट्रॅक्टरला, उद्या त्या. तिच्या जॅकमधे प्रत्येकाचं थोडं थोडं तेल आणि कचरा उरतो. थोडक्यात, ती गावाची पेन ड्राइव्ह आहे. व्हायरस कुठून आला हे विचारूच नका. जोडण्याआधी कपलिंग फडक्याने पुसणं हा त्यावरचा अँटिव्हायरस.

मग मिस्तरी 'पंप गेला' असं का म्हणतात? सगळे लुबाडतात म्हणून? मला तसं वाटत नाही. आपण त्यांना पार्ट बसवण्याचे पैसे देतो, विचार करण्याचे देत नाही. अर्धा तास गेज लावून प्रेशर मोजलं आणि "पंप ठीक आहे, रिंग बदला" असं सांगितलं, तर त्या अर्ध्या तासाचं बिल कोणी देतं का? उलट "काही केलंच नाही, कसले पैसे?" असं ऐकावं लागतं. स्वतः आपण मात्र डिबगिंगचे तास टाइमशीटमधे भरतो, आणि ते भरूही नयेत असं कोणी म्हटलं तर राजीनाम्याची भाषा करतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढचा फोन आला की 'बदलून टाका' म्हणू नका. वरचे तीन प्रश्न विचारा. मग सांगा, "गेज लावायचे वेगळे पैसे देतो, रीडिंग सांगा, मग ठरवू." रीडिंग कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. तपासणीचे पैसे मिळायला लागले की गेज ठेवणारे मिस्तरी वाढतील. पार्टचेच पैसे मिळत राहिले तर पार्टच बदलले जातील.

एक इशारा. हे वाचून कोणी सुट्टीत गावी जाऊन पाइप सोडायला बसू नये. गाडीच्या टायरमधे साधारण २ बार हवा असते, हायड्रोलिकमधे दीडशे-दोनशे बार प्रेशर असतं. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीतून आत जाते. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण ते ताबडतोब शस्त्रक्रियेचं प्रकरण असतं, हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा, बोट नाही. आणि उचललेल्या औजाराखाली कधीही जायचं नाही. ते कशाच्या आधारावर वर आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

शेवटचं. हे सगळं जमतं कारण जुन्या ट्रॅक्टरमधे डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल असंच दुखणं असतं. नव्यांत सेन्सर आणि कंट्रोलर येताहेत. तिथला लॉग खरंच लॉग असतो, आणि तो कोणाला वाचू द्यायचा हे कंपनी ठरवते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मधे शेतकऱ्याच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मधे या विषयावर समिती नेमली, आणि तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत. ओपन सोर्सवर तावातावाने भांडणाऱ्या आपल्या जमातीने या भांडणात बाहेर बसून कसं चालेल?

असो. लेख लांबला. मामांचा ट्रॅक्टर सध्या दुपारीही उचलतोय. जुना पंप गोठ्याच्या कोनाड्यात पडून आहे. चांगला चालू आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.