विश्लेषण : पहिली गाडी परवडते का? हप्त्यापलीकडचे गणित काय सांगते?

जीएसटी कपातीनंतर छोट्या मोटारी स्वस्त झाल्या, पाठोपाठ कर्जाचे दरही उतरले. त्यामुळे नुकतीच नोकरी लागलेल्या तरुणांच्या घरी ‘आता गाडी घेऊनच टाकू’ ही चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. शोरूममध्ये मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘महिन्याला किती हप्ता जमेल?’ गाडी परवडते की नाही, हे तेवढ्या एका आकड्यावरून ठरत नाही. पहिली गाडी नवी घ्यावी की जुनी, पेट्रोल की सीएनजी आणि त्यासाठी पगारातील किती वाटा द्यावा, याचा हा हिशेब.

गाड्या नेमक्या किती स्वस्त झाल्या?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत ठरलेले नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर होता. तो आता सरसकट १८ टक्के झाला आहे. याचा अर्थ किंमत ११ टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी झाली. पूर्वी सहा लाखांना मिळणारी गाडी आता साधारण साडेपाच लाखांवर आली.

ही झाली एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो. साडेपाच लाखांच्या गाडीवर तोच ६० हजार ५०० रुपये होतो. याशिवाय विमा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, नोंदणी, फास्टॅग आणि किरकोळ अ‍ॅक्सेसरीज धरल्या, की ‘ऑन-रोड’ आकडा साडेसहा लाखांच्या आसपास जातो.

हप्ता परवडतो, मग गाडी का परवडत नाही?

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या तरुणाच्या हातात महिन्याला ४० हजार रुपये येतात. साठवलेले दीड लाख त्याने भरले आणि साडेनऊ टक्के दराने पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण १०,५०० रुपये बसतो. पगाराच्या चौथ्या भागाहून थोडा जास्त, म्हणून तो झेपेल असे वाटते.

आता बाकीचा खर्च धरू. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणे, लिटरला १८ किलोमीटरचे मायलेज आणि १०४ रुपये लिटर पेट्रोल, असा इंधनाचा खर्च ४,६०० रुपये होतो. दुसऱ्या वर्षापासूनच्या विम्यासाठी महिन्याला हजार, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी हजार, तर पार्किंग, टोल, धुलाई, पीयूसी यांसाठी दीड हजार बाजूला काढावे लागतात. एकूण बेरीज १८,६०० रुपये. म्हणजे पगाराचे ४६ टक्के गाडीत गेले. उरलेल्या २१,४०० रुपयांत घरभाडे, जेवण, गावाकडे पाठवायचे पैसे आणि बचत बसवायची. पहिल्या गाडीची फसगत होते ती इथेच.

सात वर्षांचे कर्ज घेतले तर?

हप्ता ८,१७० रुपयांवर येतो, म्हणून हा पर्याय आकर्षक वाटतो. मात्र पाच वर्षांत एकूण सुमारे १ लाख ३० हजार रुपये व्याज जाते, तेच सात वर्षांत १ लाख ८६ हजारांवर पोहोचते. दरमहा २,३३० रुपयांच्या दिलाशासाठी ५६ हजार रुपये जादा मोजावे लागतात.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना तीन वर्षे उलटलेल्या गाडीवर ४० टक्के घसारा धरतात. साडेपाच लाखांच्या गाडीचे विमामूल्य चौथ्या वर्षी सुमारे ३ लाख ३० हजार होते. सात वर्षांच्या कर्जात त्या वेळी बँकेचे देणे सव्वातीन लाख शिल्लक असते. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे जवळपास सगळे पैसे बँकेकडे जातील. सुरुवातीचे दीड लाख गेले, ३६ हप्ते गेले आणि गाडीही गेली, अशी वेळ येऊ शकते.

मग पगारातील किती वाटा योग्य?

हप्ता, इंधन, विमा, देखभाल आणि पार्किंग मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत राहावे, हा नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पाळता येण्याजोगा साधा निकष आहे. ४० हजारांच्या पगाराला ही मर्यादा सुमारे १३,३०० रुपये होते. वरील नवी गाडी त्यात बसत नाही.

चार-पाच वर्षे जुनी, साडेतीन लाखांची हॅचबॅक पाहू. दीड लाख स्वतःचे आणि दोन लाखांचे कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त असते, म्हणून १३ टक्के धरले तरी तीन वर्षांसाठी हप्ता ६,७४० रुपये होतो. देखभालीचा खर्च थोडा वाढवून दीड हजार आणि विमा ९०० रुपये धरला, तर महिन्याचा एकूण खर्च १५,२४० रुपये येतो. तोही मर्यादेबाहेर आहे.

याच तरुणाने आणखी एक वर्ष दुचाकीवर काढून महिन्याला साडेआठ हजार बाजूला टाकले, तर लाखभर रुपये वाढतात. मग कर्ज एकाच लाखाचे उरते. हप्ता ३,३७० आणि एकूण खर्च ११,८७० रुपये होतो. तीच गाडी एका वर्षाच्या थांबण्याने आवाक्यात येते. शिवाय त्या वर्षात दरमहा साडेआठ हजार खरोखर बाजूला पडतात का, हेही कळते. ते जमले नाही, तर हप्ताही जमणार नव्हता.

जुनी गाडी घेताना कोणते वर्ष महत्त्वाचे?

किलोमीटरच्या आकड्याइतकेच उत्पादनाचे वर्ष पाहावे. एबीएस ब्रेक सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून, तर चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ मध्ये बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ही साधने नसत. त्यामुळे २०१७ चे ‘टॉप मॉडेल’ आणि २०२२ चे साधे मॉडेल एकाच किमतीत मिळत असेल, तर अलॉय व्हील आणि टचस्क्रीनपेक्षा वर्षाकडे पाहणे शहाणपणाचे. १ एप्रिल २०२० नंतरची गाडी बीएस-६ असते, हाही फायदा.

इंधनाचाही मुद्दा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग त्यासाठी अनुकूल आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे मायलेज थोडे घटते, हे केंद्रानेही मान्य केले आहे. विकणारा सांगतो त्या मायलेजमधून थोडे वजा करूनच हिशेब करावा.

भाव ठरवताना विकणाऱ्याने गाडी कितीला घेतली होती, याला महत्त्व नाही. त्याने २९ टक्के कर भरला होता. तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या आजच्या, १८ टक्के करातील किमतीशी.

कागदपत्रांत काय तपासावे?

परिवहन विभागाच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि फिटनेस दिसतो. प्रलंबित ई-चलन तपासावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवावा. गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून चालली होती का, हेही विचारावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असेल, तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्यावर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. तो राहून गेला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

पैसे देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात. किलोमीटरचा काटा मागे फिरवला असेल, तर तो तिथे पकडला जातो.

सीएनजी की इलेक्ट्रिक?

सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा साधारण ९० हजारांनी महाग पडते असे धरू. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्याचे त्यात इंधनाचे सुमारे दोन हजार रुपये वाचतात. जादा किंमत वसूल व्हायला पावणेचार वर्षे लागतात. फिरणे निम्मे असेल, तर साडेसात वर्षे. राज्यात सीएनजी गाडीला कर कमी, म्हणजे दहा लाखांपर्यंत आठ टक्के आहे, ही जमेची बाजू. डिकीतील जागा जाणे आणि पंपावरची रांग, या उण्या बाजू.

इलेक्ट्रिक मोटारीवर पाच टक्केच जीएसटी आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मोटार वाहन करही माफ आहे. मात्र मूळ किंमत जास्त असते आणि रात्री चार्जिंगला लावायची स्वतःची जागा लागते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने आधी सोसायटीची परवानगी मिळते का, हे पाहावे.

नवख्या चालकासाठी सुरक्षित गाडी कशी ओळखावी?

ब्रिटनसारख्या देशात तरुण, नवख्या चालकाचा विमा इतका महाग असतो की मोठ्या इंजिनाच्या गाडीचा विचार तिथेच मागे पडतो. भारतात विम्याची रक्कम प्रामुख्याने गाडीवर ठरते, तिच्या किमतीवर, इंजिनावर आणि वयावर. चालक २१ वर्षांचा आहे की ५१ चा, याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे हा लगाम इथे स्वतःच किंवा घरच्यांनीच घालायचा असतो. पहिल्या दोन वर्षांत छोटे इंजिन, आटोपशीर लांबी आणि चारही बाजूंचे नीट दिसणे अधिक उपयोगाचे.

सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव केंद्राने २०२३ मध्ये बाजूला ठेवला. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून ‘भारत एनकॅप’ ही क्रॅश चाचणी सुरू झाली. गाडीला किती तारे मिळाले, हे पाहताना चाचणी कोणत्या पिढीच्या मॉडेलची होती, तेही पाहावे. डिझायरच्या नव्या पिढीला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले, आधीच्या पिढीला दोनच होते. नाव तेच असले, तरी जुन्या बाजारात मिळणारी गाडी वेगळी असते.

घेतल्यानंतर काय?

नव्या चालकाच्या गाडीला ओरखडे पडतातच. प्रत्येक ओरखड्यासाठी विम्याचा दावा केला, तर नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. दोन-तीन हजारांची डेंटिंग-पेंटिंग खिशातून करणे अनेकदा स्वस्त पडते. थर्ड पार्टी विमा मात्र एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. तो नसताना दुसऱ्याला इजा झाली, तर नुकसानभरपाई गाडीमालकावर येते. अनेक घरांत पहिली गाडी वडिलांच्या किंवा आईच्या नावावर घेतली जाते. तेव्हा ही जबाबदारीही त्यांच्याच नावावर जाते.

म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. गाडीचा महिन्याचा अपेक्षित एकूण खर्च तीन महिने वेगळ्या खात्यात टाकून पाहायचा. त्या खात्याला हात न लावता तीन महिने निघाले, तर गाडी खरोखर परवडते. मग ती पाडव्याला घ्यावी की दसऱ्याला, एवढेच ठरवायचे उरते.