आधी कोणता रंग खेळायचा?

मंडळी, मागच्या दोन लेखांत आपण बोली कशी लावायची ते पाहिलं. आता बोली संपली आहे, डाव खेळायची जबाबदारी आपल्यावर आली आहे. डावीकडच्या खेळाडूने पहिली उतारी केली आणि समोरच्या भिडूने आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडली. भिडू झाला डमी, आपण झालो डिक्लेअरर. इथून पुढे दोन्ही बाजूंची पानं आपणच खेळायची. डमीने एक अवाक्षर काढायचं नाही.

हे शेवटचं वाक्य किती कठीण असतं, ते गेल्या गणपतीत मला कळलं. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत मी सोळा वर्षांच्या भाच्याला भिडू घेऊन बसलो होतो. शेवटच्या डावात त्याने तीन नो-ट्रम्पचं कंत्राट घेतलं. हुकूम नाही आणि तेरापैकी नऊ हात करायचे. मी डमी. पानं अशी होती:

डमी (मी)
इस्पिक: ८ ५
बदाम: राजा ७ ४
चौकट: एक्का ९ ६ ४ २
किलवर: राजा राणी ५

डिक्लेअरर (भाचा)
इस्पिक: एक्का राजा ४
बदाम: एक्का राणी २
चौकट: ८ ५ ३
किलवर: गुलाम १० ७ २

डावीकडून इस्पिकची छक्की आली. उजवीकडून दश्शी पडली, भाच्याने एक्क्याने हात घेतला. मग क्षणभरही न थांबता चौकटचा एक्का ओढला आणि पुन्हा चौकट खेळला. मी टेबलाखाली बोटं आवळून बसलो होतो. दुसरी चौकट उजवीकडच्याने राणीने जिंकली आणि इस्पिक परत केलं. भाच्याचा राजा गेला. तिसरी चौकट डावीकडच्याने जिंकली आणि इस्पिकची राणी, गुलाम, नव्वी ओळीने वाजवली. वर किलवरचा एक्का. सहा हात गेले, कंत्राट दोन हातांनी बुडालं.

घरी येताना तो स्कूटरवर मागे गप्प बसला होता. जेवताना म्हणाला, "मामा, चौकट तर आपल्याकडे आठ होते ना! सगळ्यात लांब रंग तोच. मग चुकलं कुठे? मला नाही जमणार हे. पुढच्या वर्षी दुसरा भिडू बघ."

ताटं उचलली, त्याच टेबलावर तीच पानं मांडली. तेव्हा जे बोललो, तेच आज तुमच्यासाठी लिहितोय.

पहिली गोष्ट: मोजा. एकही हात न देता आत्ता किती हात हक्काचे आहेत? इस्पिकचे दोन, बदामचे तीन, चौकटचा एक. एकूण सहा. हवेत नऊ. म्हणजे तीन कमी. आता प्रश्न "कुठला रंग लांब आहे" असा राहत नाही. तो होतो, "कुठला रंग मला तीन हात देईल?"

दुसरी गोष्ट: तो रंग किती देईल आणि त्यासाठी किती वेळा हात सोडावा लागेल? चौकट पाहा. समोरच्यांकडे राजा, राणी, गुलाम, दश्शी, सत्ती अशी पाच पानं आहेत. ती तीन-दोन अशी वाटली गेली, तरी दोन हात देऊन मग दोन लांब पानं मोठी होतात. सहा आणि दोन, आठ. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी चौकट आपल्याला नवापर्यंत नेतच नाही!

आता किलवर पाहा. सातच पानं आहेत, पण राजा, राणी, गुलाम, दश्शी आपल्याकडे. बाहेर एकच मोठं पान, एक्का. तो एकदा बाहेर काढला की उरलेले तीन हात आपले. ती पानं समोर कशीही वाटली गेलेली असोत. सहा आणि तीन, नऊ.

तिसरी गोष्ट: वेळ आहे का? नो-ट्रम्पमध्ये ही शर्यत असते. ते आपला इस्पिक मोडतायत, आपण आपला रंग उभा करतोय. इस्पिकमध्ये आपल्याकडे दोन अडसर होते, एक्का आणि राजा. पहिल्या उतारीला एक गेला, उरला एक. म्हणजे आपण फक्त एकदाच हात सोडू शकतो. किलवरला एकदाच सोडावा लागतो, चौकटला दोनदा. उत्तर इथेच मिळतं.

भाच्याने पानं पुन्हा खेळून पाहिली. किलवर राजा, त्यावर एक्का पडला. इस्पिक परत आलं, ते राजाने घेतलं. मग किलवरची राणी, पंजीवरून गुलाम, मग दश्शी. बदामचे तीन, चौकटचा एक्का. नऊ. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "एवढंच?" एवढंच.

इथे आणखी एक सवय सांभाळा. नवशिक्या माणसाला हक्काचे हात आधी वाजवून घ्यावेसे वाटतात. या डावात बदामचे तीन हात सुरुवातीलाच घेतले, तर बाहेरच्या सात बदामांपैकी ज्याच्याकडे चार असतील त्याचं चौथं पान आपणच मोठं करून दिलं. शिवाय डमीत नि हातात ये-जा करायच्या वाटाही बंद केल्या. हक्काचे हात कुठे जात नाहीत. जे अजून आपले झाले नाहीत, त्यांच्यामागे आधी लागा.

आता याच्या पुढची पायरी. समजा आठ हात हक्काचे आहेत आणि एकच हवाय. डमीत बदाम एक्का-राजा-राणी-५ आहे, हातात ७-४-३. डमीतच किलवर एक्का-राणी आहे, हातात दोन बारीक किलवर. दोन वाटा दिसतात. एक, बाहेरचे सहा बदाम तीन-तीन वाटले गेले तर चौथा बदाम मोठा होतो. दुसरी, हातातून किलवर खेळून राणी लावायची. डावीकडे राजा असेल तर राणी टिकते, म्हणजे फिनेस यशस्वी.

आकडे पाहिले तर बाहेरची सहा पानं तीन-तीन असण्याची शक्यता साधारण ३६ टक्के. चार-दोनची ४८, आणि उरलेली त्याहून वाकडी. फिनेस ५० टक्के. मग फिनेसच बरा, नाही का? थांबा. बदामचे तीन हात वाजवून पाहताना आपण काहीच सोडत नाही. तीन-तीन निघाले तर काम झालं. नाही निघाले, तर हातात येऊन मग फिनेस करा. ३६ आणि उरलेल्या ६४ चे निम्मे ३२, मिळून जवळपास ६८ टक्के. उलट आधी फिनेस केला आणि फसला, तर हात गेला, आणि मग समोरचे तुम्हाला बदाम तपासायला वेळ देतीलच असं नाही. म्हणून दोन वाटा असतील तेव्हा ज्या वाटेने हात सुटत नाही ती आधी तपासा. मात्र हातात परत यायला एक मोठं पान राखून ठेवा.

एक छोटा आडाखाही लक्षात असू द्या. बाहेरची पानं विषम असतील तर ती बहुधा सारखी वाटली जातात: पाच पानं तीन-दोन असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. सम असतील तर बहुधा सारखी नसतात. सहा पानं तीन-तीन निघतील या भरवशावर अख्खा डाव टाकू नका.

मेंढीकोट नि बदाम सात खेळत मोठे झालेल्या आपल्या घरांत हे गणित कुणालाच अवघड नाही. अवघड असतं ते डमी उघडल्यावर अर्धा मिनिट पहिलं पान न टाकता बसणं. भाच्याची चूक गणिताची नव्हती, घाईची होती. आणि खरं सांगायचं तर थोडी माझीही होती. बोली मी त्याला महिनाभर शिकवली, पण डमी आल्यावर थांबायचं असतं, हे एकदाही सांगितलं नव्हतं.

तो हल्ली रविवारी संध्याकाळी येतो. परवा मी चहा घेऊन टेबलाशी आलो, त्याला विचारलं, "साखर किती?" तर पानांवरची नजर न काढता म्हणाला, "मामा, थांब. मोजतोय."

चहा गार झाला. मी डमी होतो, गप्प बसलो.