मोटारीची दुखणी : तांबडा दिवा

दिवाळी आली की हौशी मंडळी झाकलेली जुनी स्पोर्ट्स गाडी बाहेर काढतात. हौस चांगली, पण याच सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. शिरूरहून दौंडकडे रात्री निघालात की पुढे बिनदिव्यांच्या ट्रॉल्या! अशा वेळी हेडलाइट मंदावले तर जिवावर बेतते.

१९६२ साली निघालेल्या ट्रायम्फ स्पिटफायरला (मद्रासला पूर्वी बनत असलेल्या हेराल्डचीच ही चपळ बहीण) डायनामो असे. मंद चालीत तो वीज देत नाही. ट्रॉलीमागे दिवे लावून रांगलात की बॅटरी रिकामी. हा दोष नव्हे, स्वभाव!

पण इंजिन जोरात असूनही तांबडा दिवा विझेना, तर आधी पंख्याचा पट्टा दाबून पाहा. मग बॅटरीला व्होल्टमीटर लावा : इंजिन बंद असता १२.६, वेगात १४ च्या आसपास हवेत. काटा ढिम्म राहिला तर अर्थची पट्टी खरवडून घट्ट करा, मग डायनामोचे कार्बन, शेवटी कटआऊट. वायरमन एकदम नवा डायनामो सुचवील. घाई करू नका.

आणि वाचकहो, चालू इंजिनात बॅटरीची तार काढून परीक्षा घेण्याची खोड सोडा. कुणी मागाहून अल्टरनेटर बसवला असेल, तर तो जळेल.