आरे-वारेच्या रानातील घरांना वाट, वीज आणि पाणी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, रत्नागिरी.

दिनांक : 10 नोव्हेंबर 2025

विषय : आरे-वारे येथील डोंगरउतारावरच्या घरांसाठी स्वखर्चाने 3 मीटर रुंदीचा कच्चा रस्ता करण्यास संयुक्त स्थळपाहणी करून एकत्रित लेखी निर्णय मिळणे, रस्त्याची अभिलेखात नोंद होणे आणि त्याच कडेने वीज व पाणी येणे.

महोदय,

रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे-वारेला डोंगराच्या कुशीतून चढतो. तिथे पर्यटकांच्या गाड्या थांबतात, समुद्राचे फोटो निघतात. त्या थांब्याकडे पाठ करून डोंगराच्या बाजूला पाहिले, तर काजू, ऐन, किंजळ आणि आंब्याच्या कलमांमधून एक पायवाट वर जाताना दिसते. त्या वाटेच्या शेवटी आमची घरे आहेत. घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पण चुली बाराही महिने पेटतात आणि घरपट्टी वेळेवर भरली जाते.

शासनाने आम्हाला रस्ता बांधून द्यावा, ही आमची पहिली मागणी नाही. जमीन आम्ही देतो, खर्च आम्ही करतो, श्रमदानालाही तयार आहोत. अडले आहे ते कागदावर. वनाचा दाखला हवा असेल तर आधी मोजणी आणा. मोजणी हवी तर सहहिस्सेदारांची संमती आणा. संमती आहे तर ती सर्वांची नाही. विजेचे खांब हवेत तर आधी रस्ता दाखवा. आणि रस्ता करायचा तर वनाचा दाखला आणा. वेगवेगळ्या टेबलांवर मिळालेली ही उत्तरे एकेक घेतली तर कुणाचेच चुकीचे नाही. एकत्र ठेवली की त्यांचा फेरा पुरा होतो आणि अर्जदार जिथून निघाला तिथेच परत येतो. हा फेरा तोडण्याचा अधिकार जिल्ह्यात आपल्याकडे आहे, म्हणून हे निवेदन आपल्याकडे आणले आहे.

आज वर जायला आहे ती जांभ्या दगडाची जुनी पाखाडी. उन्हाळ्यात ती बरी असते. पावसात तिच्यावर शेवाळ धरते आणि पऱ्याचे पाणी तिच्यावरूनच वाहते. गॅसचा सिलिंडर, खताची गोणी, आंब्याच्या पेट्या, सगळे खांद्यावरून चढते-उतरते. 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे आणि फोन केला की येतेही. पण ती खाली डांबरी रस्त्यावर उभी राहते. आजारी माणसाला तिच्यापर्यंत खुर्चीला किंवा झोळीला बांबू लावून न्यावे लागते, आणि खांदा द्यायला चार धडधाकट माणसे लागतात. वाडीतली धडधाकट माणसे बहुतेक मुंबईला आहेत.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके पायवाटेने चढली, यंत्रे वर नेता आली नाहीत, माती हाताने उपसावी लागली. आमची वाडी इर्शाळवाडीसारख्या कड्याखाली आहे असे आम्ही म्हणत नाही. संकट आले की मदत किती वेळात दारात पोचेल हे रस्ता ठरवतो, एवढेच त्यातून घेण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध उमेदराम शर्मा या प्रकरणात डोंगराळ भागातील रहिवाशांच्या दृष्टीने रस्त्याची सोय हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. आमचा डोंगर हिमालयाएवढा नाही, पण म्हातारपणी गुडघ्यांना तो फरक कळत नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. रस्ता आम्ही एकेरी, 3 मीटरचा मागत आहोत. जुन्या गावनकाशांत एकेरी तुटक रेषेने दाखवलेल्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तेवढ्यात रुग्णवाहिका कशीबशी मावेल, वळणावर मात्र अडकेल. महसूल विभागाच्या 22 मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्त्यांसाठी किमान 3 ते 4 मीटर रुंदी धरली आहे. आमच्या कलमांना आणि काजूच्या बागांना जाणारी वाटही हीच आहे, तेव्हा त्या निर्णयातला खालचा आकडा आम्हाला पुरेसा आहे. डांबर किंवा काँक्रीट नको. चढ सौम्य ठेवून, सरळ वर न जाता उताराला तिरपा वळसा घेत रस्ता नेला, की कातळ फोडावा लागत नाही. सुरुंग लावायचा नाही, डोंगराच्या बाजूला गटार काढायचे, पऱ्या ओलांडताना मोरी टाकायची, हे आम्ही लिहून द्यायला तयार आहोत. कोकणात रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तोच डोंगर रस्त्यावर येऊन बसतो, हे इथे शाळकरी मुलालाही माहीत आहे. खोदाईतली माती आणि जांभा त्याच रस्त्याच्या भरावात जाईल. एक ब्राससुद्धा वाडीबाहेर जाणार नाही, हेही नोंदवून घ्यावे.

झाडांबाबत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर ही आमच्या उतारावरची बहुतेक मोठी झाडे येतात. काजू त्यात नाही. म्हणून आम्ही आखणी जाणूनबुजून आमच्याच काजूच्या बागांतून काढली आहे. थोडा वळसा पडतो, आमचेच उत्पन्न बुडते, पण रानाचे छत्र शाबूत राहते. तरीही एखादे अनुसूचित झाड आड आलेच, तर रीतसर परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लागणार नाही.

खरा गुंता जमिनीच्या प्रकाराचा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले रान मोठ्या प्रमाणात खासगी मालकीचे आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 35 खाली पूर्वी नोटिसा निघाल्या, आणि महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाने 30 ऑगस्ट 1975 पासून अशी वने शासनाकडे गेली. पुढे 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने मालकी कुणाचीही असो, वन ते वन असे ठरले. 2014 च्या गोदरेज प्रकरणात मात्र नोटीस निघाली एवढ्यावरून जमीन खासगी वन ठरत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हे निवाडे आम्ही वाचले ते वाद घालायला नव्हे. आमच्या आखणीतला कोणता गट यांपैकी कशात बसतो, हे एका कागदावर स्पष्ट लिहून मिळावे, एवढ्यासाठी. एखादा तुकडा वन ठरला, तर आम्ही आखणी वळवू. वळवता आली नाही, तर तेवढ्या टप्प्यात पाखाडीच ठेवू आणि गाडी अलीकडे उभी करू. अनिश्चितता मात्र नको. तिच्यात ना रस्ता होतो, ना रान राखले जाते. रस्त्याचे खालचे तोंड भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येते की नाही, हेही त्याच पाहणीत मोजून घ्यावे.

संमतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणाबाहेरून बदलून येणाऱ्या अधिकाऱ्यांना हे नवीन असते. आमचे सातबारे सामायिक आहेत. एका उताऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या वेळची नावे आहेत, त्यांचे वारस लालबागपासून विरारपर्यंत पसरले आहेत, काहींच्या वारसनोंदीच झालेल्या नाहीत. यांतला कुणीही रस्त्याला विरोध करत नाही. उलट गणपतीला सामान घेऊन चढताना सगळ्यात जास्त करवादतात ते हेच चाकरमानी. पण सर्वांच्या सह्या एका कागदावर आणणे कुणाला जमलेले नाही. म्हणून विनंती अशी की, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खालील रस्त्याच्या मागणीची सुनावणी मा. तहसीलदारांनी गावातच, शिमग्याच्या दिवसांत ठेवावी. येत्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिमगा आहे. पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत ज्याचे नाव सातबारावर आहे तो माणूस वर्षात एकदा तरी गावात असतो. वारसनोंदींचे शिबिर त्याच दिवशी लावले, तर पुढच्या पिढीचाही त्रास वाचेल.

ही घाई कशासाठी, तेही सांगायला हवे. सागरी महामार्गाची कामे सुरू झाल्यापासून किनाऱ्यालगतच्या जमिनी हात बदलू लागल्या आहेत. नवीन मालक येतो, गडगा घालतो, तारा ओढतो. वाट त्याच्या हद्दीतून जाते हे त्याला कुणी सांगितलेले नसते, कारण कागदावर ती नसते. वहिवाटीचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 देतो, हे खरे. पण त्यासाठी 20 वर्षांची अखंड वहिवाट दाखवावी लागते आणि तीही दिवाणी न्यायालयात. वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली 6 महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. मुंबईला असलेल्या म्हाताऱ्या मालकाला गडगा उभा राहिल्याचे कळेपर्यंत ते 6 महिने संपलेले असतात. म्हणून आमचा आग्रह नोंदीवर आहे. रस्ता खासगी खर्चाने झाला तरी तो खासगी राहू नये. सातबाराच्या इतर हक्कांत त्याची नोंद व्हावी आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्येही तो चढावा. आम्ही ज्या तुकड्याचे मालक आहोत, त्यावरचा अडवण्याचा हक्क आम्ही आजच सोडत आहोत. तसे प्रतिज्ञापत्र सोबत आहे. एक अट मात्र नोंदीत यावी : हा रस्ता घरांसाठी आणि बागायतीसाठी आहे, चिरेखाणींच्या ट्रकांसाठी नाही. रस्ता झाला की मागोमाग सडा विकायला निघतो, हे आम्ही आजूबाजूला पाहतो आहोत.

विजेसाठी वेगळा मार्ग नको. रस्त्याच्याच कडेने खांब यावेत आणि उघड्या तारांऐवजी एबी केबल टाकावी. निसर्ग आणि तौक्ते या चक्रीवादळांत जिल्ह्यात फांद्या पडून तारा तुटल्या आणि कितीतरी वाड्या अंधारात बसल्या. केबल टाकली तर फांद्याही कमी छाटाव्या लागतात. वीज कायदा, 2003 च्या कलम 43 ने मागणी करणाऱ्याला पुरवठा देणे वितरण कंपनीवर बंधनकारक केले आहे, वाहिनी वाढवावी लागत असेल तर त्यासाठी वाढीव मुदतीसह. वाढीव वाहिनीचा नियमाप्रमाणे होणारा खर्च आम्ही भरू. एखाद्या जमीनमालकाने हरकत घेतलीच, तर त्या कायद्याखालील 2006 च्या नियमांनी परवानगी देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी म्हणून आपल्याकडेच आहे. तो वापरण्याची वेळ येऊ नये, पण आली तर तो आहे, हे संबंधितांना कळावे.

पाण्याबाबत मागणी छोटी आहे. विहिरीचे पाणी एप्रिलअखेर तळाला जाते. जांभा पाणी धरून ठेवत नाही. जलजीवन मिशनचे माणशी 55 लिटरचे माप आम्हालाही लागू करून, गावाच्या योजनेतून रस्त्याच्या कडेने एक नळ वर आणावा. ते शक्य नसल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून वरच्या झऱ्याची तपासणी करून टाकी सुचवावी. दोन्हींपैकी जे स्वस्त पडेल ते.

कामाला मुदत फार थोडी आहे. यंदा मोसमी पाऊस 25 मे लाच कोकणात उतरला आणि वळवाने त्याच्या आधीच झोडपले. मे महिन्याचा भरवसा आता धरता येत नाही. माती दबायला हवी असेल, तर खोदाई मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर मोऱ्या बसल्या पाहिजेत. म्हणून महसूल, वन, भूमी अभिलेख, महावितरण, पाणीपुरवठा आणि ग्रामपंचायत यांच्या प्रतिनिधींची संयुक्त पाहणी डिसेंबरातच एका दिवशी व्हावी, तिचे टिपण जागेवरच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्यावर आपला एकच आदेश निघावा, अशी कळकळीची विनंती आहे. पाहणीला येणाऱ्यांनी चढायचे बूट घालून यावे. चहापाण्याची सोय वर आहे.

आदेश नकाराचा असेल, तर तोही कारणांसह लेखी द्यावा. मग आम्ही योग्य त्या ठिकाणी दाद मागू. उपोषणाला बसायचे आमच्या मनात नाही. पाहणीची तारीख तोपर्यंत कळली नाही, तर सोमवार, 5 जानेवारी 2026 च्या लोकशाही दिनी आम्ही आपल्या कार्यालयात हजर राहू.

आपले विश्वासू,
आरे-वारे येथील डोंगरउतारावरील रहिवासी व सहहिस्सेदार
(सह्या स्वतंत्र पानावर)

सोबत : गटनिहाय सातबारा उतारे, गावनकाशाची प्रत, प्रस्तावित आखणीचा हातनकाशा, उपलब्ध संमतीपत्रे, वाटेवरील हक्क सोडत असल्याचे प्रतिज्ञापत्र.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. उपविभागीय अधिकारी, रत्नागिरी, मा. तहसीलदार, रत्नागिरी, मा. विभागीय वन अधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रत्नागिरी, मा. कार्यकारी अभियंता, महावितरण, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी.